हासला ते बी सांगा

“हेमू! माया हेमू होय थो!”

जमुनाबाई खाटेवरून धडपडत उठली आणि टीव्हीपाशी गेली. पडद्यावर तिच्या मुलाचा चेहरा होता, घमेल्याएवढा मोठा. तिने काचेवर तळवा टेकवला. हेमेंद्रला शिक्षा झाल्यापासून तिने त्याला पाहिलं नव्हतं. नागपूरच्या जेलपर्यंतचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. ऐकूही तिला फारच कमी यायचं. त्यामुळे मुलाच्या ओठांभोवती फिरणारं लाल वर्तुळ तिला दिसत होतं, पण त्यामागून बोलणारा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

“वाळला नाही गा,” ती जावयाकडे वळून म्हणाली. “चांगला दिसते. हासून राहिला.”

नंदलालच्या हातात रिमोट होता. आवाज कमी करावा की टीव्हीच बंद करावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याची बायको चंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भात वाढता वाढता ती उठून आली होती आणि पळी तिच्या हातातच राहिली होती.

“देखिए इस मुस्कान को,” टीव्हीतला आवाज सांगत होता. “अदालत ने अभी-अभी उम्रकैद सुनाई है. और यह आदमी मुस्कुरा रहा है.”

कोर्टाच्या पायऱ्या, दोन पोलीस, मध्ये हेमेंद्र. तो एका बाजूला पाहतो आणि हसतो. एवढंच चित्र होतं. ते पुन्हा दाखवलं, मग संथ करून दाखवलं. संथ केल्यावर ते हसणं हसण्यासारखं राहिलं नाही. काहीतरी गिळल्यावर ओठ ताणावेत तसं ते दिसू लागलं.

मग एक बाई आल्या. फिकट निळी साडी, बोलणं हळू, समजावून सांगितल्यासारखं. खाली नाव आलं : डॉ. प्रेरणा, गुन्हेगारी मानसशास्त्राच्या तज्ज्ञ. त्या म्हणाल्या की ओठ हसतायत पण डोळे हसत नाहीत. वडील वारले तेव्हा हा माणूस रडला नव्हता, दुसऱ्याच दिवशी कामावर गेला होता. तासन् तास एकटा यंत्रं उघडत बसायचा. अशा मनाला जिवंत आणि निर्जीव यांतला फरक पुसट होत जातो. त्या कुठेही आवाज चढवत नव्हत्या आणि म्हणूनच ते सगळं खरं वाटत होतं.

आणि मग चंदा स्वतःच पडद्यावर आली. तिच्याच ओसरीवर, हिरव्या लुगड्यात, हसत.

“बारीक होता तवापासून सगळं खोलून पाहाचा. रेडिओ, घड्याळ. एकदा तं मेलेली कोंबडी बी खोलली ना त्यानं. आतमंदी का हाय ते पाहाले.”

तेवढ्यावर तिचं चित्र थांबलं, तिचं तोंड उघडंच राहिलं आणि मागे ढोल वाजल्यासारखा आवाज झाला.

“बहन भी हँस रही है,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इस बात पर ग़ौर कीजिए. इस घर में यह सब सामान्य था.”

नंदलालने टीव्ही बंद केला. जमुनाबाई अजून काचेसमोर उभी होती. काळ्या काचेकडे पाहत तिने विचारलं, “चंदा, उद्या अखीन दाखवतीन का वं?”

जेवणं झाली. ताट सरकवताना नंदलाल खाली मान घालून म्हणाला, “खरंच फाडली होती का त्यानं कोंबडी?”

“मेलेली होती,” चंदा म्हणाली. “अना मंग दिवसभर रडला. मायले म्हने, शिवून दे तिले. सुईदोरा घेऊन मांगं मांगं फिरला. ते बी सांगतलं होतं मी. ते नाही दाखवलं.”

नंदलालने मान हलवली. पण हात धुवायला उठताना त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

*

हेमेंद्र चंदाचा धाकटा भाऊ, त्याच गावात राहणारा. देवरीच्या रस्त्यावर मोटारपंप दुरुस्तीची त्याची टपरी होती. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्याने भरायची, शेतावर नेऊन बसवून द्यायची. बोलणं कमी, लग्नाचं पाहणं चालू. गावाच्या टोकाला सुशिलाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या विहिरीवरची मोटार त्यानेच बसवली होती. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी सुशिलाबाई घरात मरून पडलेली सापडली. गळा आवळला होता आणि गळ्यातली सोन्याची पोत नव्हती. घरात हेमेंद्रची पक्कड मिळाली. आदल्या दिवशी काम करून ती तिथे विसरलो, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पोत कोणाकडेच मिळाली नाही. त्याला घरात शिरताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या रस्त्याने जाताना मात्र दोघांनी पाहिलं होतं. सरकारकडून मिळालेल्या वकिलाने फारसं काही विचारलं नाही, आणि जन्मठेप झाली.

त्या संध्याकाळी चंदा स्वतःच्या घरी होती, त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की तो तसा नाही. आणि हे कोर्टात चालत नाही, हेही तिला कळलं होतं.

टीव्हीची माणसं पोळा झाल्यावर आली होती. “दीदी, आपके भाई की पूरी कहानी लोगों के सामने लाएँगे,” कॅमेरावाल्याबरोबरचा माणूस म्हणाला होता. इतक्या वर्षांत हेमेंद्र लहानपणी कसा होता हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनीही नाही, कोर्टानेही नाही. ती दुपारभर बोलत बसली. मध्येच उठून तिने त्यांना पोहे केले. सगळं सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं होतं. त्या दुपारीतून त्यांनी उचलली होती ती एवढीच चार वाक्यं.

*

चंदा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी खोली झाडायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि पोरांना वाढायची. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पोरं आली. तोवर सगळ्यांनी तो पाहिला नव्हता. पण गावच्या मोबाइलांवर तो तुकड्यातुकड्यांनी फिरू लागला आणि आठवड्याभरात ओळीतल्या जागा रिकाम्या दिसू लागल्या. कोणाला ताप होता, कोणी मामाच्या गावाला गेलं होतं. तेवढीच कारणं पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागली तेव्हा चंदाने विचारणं सोडून दिलं.

सेविका शामकला तिच्याहून लहान, पण स्वभावाने चांगली. एक दिवस ती दारातच थांबली आणि भांड्यांकडे पाहत म्हणाली, “बाई, एक गोष्ट सांगू का? रागावू नोको.”

“सांग.”

“थोडे दिवस तू वाढू नोको. मी वाढते. तू मांगच्या बाजूनं शिजवन्याचं पाह. बायका बोलून राहिल्या.”

“का बोलून राहिल्या?”

“आता का सांगू? म्हनतेत, तिच्या हातचं कायले. मी म्हनली, बाई तशी नाही होय. पर मोबाइलवर तुलाच दाखवतेत ना, हासताना.”

चंदाने पळी शामकलाच्या हातात दिली आणि मागे गेली.

त्याच दुपारी एक पोर अंगणात पाय अडकून पडलं. गुडघा फुटला, पोर किंचाळलं. चंदा जवळच होती. ती गेली, उचललं, पाण्याने जखम धुतली, हळद लावली. नेहमी करायची तसंच सगळं केलं. पोर गप्प झाल्यावर तिच्या मनात आलं, आपण धावलो नाही. चालत गेलो. आपला चेहरा कसा होता तेव्हा? आपण घाबरलो होतो का? घाबरलेल्या बाईचा चेहरा जसा असतो तसा होता का?

यापूर्वी असं काही तिच्या मनात आलं नव्हतं. तिने मोरीवर जाऊन हात धुतले, आणि धुताना त्या हातांकडे पाहत राहिली.

*

अपिलाचं काम नागपूरचे एक नवे वकील पाहत होते. कागद वाचताना हेमेंद्रच्या पहिल्याच जबाबात त्यांना एक गोष्ट सापडली होती. सुशिलाबाई गेली त्या संध्याकाळी हेमेंद्र तलावाच्या पाळीवर होता, आणि हे पाहणारा माणूस गावात होता. उदाराम. उदाराम गावचा पाणकर, तलावाच्या तुडमातून, म्हणजे पाळीतल्या खुंटी लावलेल्या मोरीतून, कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते पाहणारा. खटला चालू असताना तो छत्तीसगडात मुलीकडे जाऊन राहिला होता. त्याला कोणी बोलावलं नाही आणि तोही आपणहून आला नाही. अपिलात नवा साक्षीदार सहसा घेत नाहीत, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी त्याचं शपथपत्र जोडून कोर्टाला विनंती करता येईल. आणि उदारामही हो म्हणाला होता. हे सगळं कार्यक्रमाच्या आधीचं.

नागपूरला कधी जायचं ते ठरवायला चंदा त्याच्याकडे गेली तेव्हा तो अंगणात बसून सुतळी वळत होता. तिला पाहून त्याने हात थांबवले नाहीत.

“काका, बुधवारी जाऊ म्हनते. सकाळच्या गाडीनं.”

उदारामने सुतळीला आणखी एक पीळ दिला.

“पोरी, मी कायले येऊ?”

“तुमी तं हो म्हनले होते.”

“म्हनलो होतो.” त्याने सुतळी मांडीवर ठेवली. “थो आला होता, हे खरं. मी तुडमावर होतो. पानी सोडाचं होतं. तुडमाची खुंटी अटकली होती, निंघतच नव्हती. थो रस्त्यानं जाऊन राहिला होता, मी हाक मारलो. त्यानं दोन झटके देल्लन, निंघाली खुंटी. अंधार पडेपावतर माह्याजवळ बसला. हे सारं खरं.”

“मंग तेच सांगाचं हाय.”

“पर थो हासला होता वं.”

चंदा त्याच्यासमोर खाली बसली.

“खुंटी निंघाली अना थो हासला. तवा मले काहीच वाटलं नाही. पर आता त्या बाईनं टीव्हीवर सांगतलं, डोरे पाहा म्हने. मी आठवून पायलो. डोरे कसे तरीच होते त्याचे.”

“खुंटी निंघाली म्हून हासला असन काका. कोनी बी हासन.”

“असन.” उदाराम म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “पर मी डोरे मिटलो का आता मले त्याचं हासनंच दिसते, पोरी. खुंटी दिसतच नाही. मले तं आता हे बी समजत नाही का थो तोच दिवस होता का दुसरा. असं डोकं घेऊन कोर्टात का सांगू?”

चंदा त्याच्या अंगणातून निघाली. तलावाच्या पाळीवरून घरी जाताना तिच्या लक्षात आलं की म्हातारा खोटं बोलत नाहीये. कोणी त्याला धमकावलं नव्हतं, फितवलं नव्हतं. तो खरंच आठवायला बसला होता, आणि आठवण त्याच्या हातात वेगळीच आली होती.

*

टीव्हीवाल्या माणसाने जाताना आपला नंबर दिला होता. चंदाने त्याला पुन्हा पुन्हा फोन करून डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला. अंगणवाडीच्या मागे, चुलीवर खिचडीचं आधण ठेवून तिने तो लावला. पहिल्याच खेपेला उचलला गेला.

डॉ. प्रेरणांना मराठी छान येत होतं. पुण्याकडचं, स्वच्छ. कोण बोलतंय हे कळल्यावर त्या रागावल्या नाहीत, फोनही ठेवला नाही.

“चंदाताई, तुम्हाला त्रास झाला असेल, मी समजू शकते. पण मी कुठेही म्हटलेलं नाही की त्यांनी खून केला. ते कोर्टाने म्हटलंय. शिक्षा झालेल्या माणसाचं मन कसं असतं, एवढंच मी सांगितलं.”

“तुमी त्याले भेटल्या का?”

“नाही. मला व्हिडिओ दिले होते, कुटुंबाच्या मुलाखती दिल्या होत्या. कार्यक्रमाची तशीच पद्धत असते.”

“मी सांगतलं होतं, कोंबडीसाठी थो दिवसभर रडला म्हून.”

“ते माझ्यापर्यंत आलं नाही.” त्या म्हणाल्या. “खरं सांगते, आलं असतं तरी फार फरक पडला नसता. अशा मुलांमध्ये तेही दिसतं कधी कधी.”

चंदाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला जे विचारायचं होतं ते तिने रस्त्याने येता-जाता मनात जुळवून ठेवलं होतं.

“मॅडम, एक विचारू का? त्याले शिक्षा झाली हे तुमाले माहीत नसतं, अना कोनी नुसता तो हासताना दाखवला असता, तं तुमी का सांगतलं असतं?”

पलीकडे कुठेतरी दार लागल्याचा आवाज आला. चंदाला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, निदान नाही माहीत असं तरी म्हणतील.

“तुम्ही हे सगळं किती शांतपणे विचारताय,” डॉ. प्रेरणा म्हणाल्या. आवाज तोच होता, मऊ, काळजी करणारा. “सख्ख्या भावाबद्दल बोलताय. तुम्हाला रडू येत नाही का, चंदाताई? लहानपणापासूनच असं आहे का तुमचं?”

चंदाने फोन बंद केला. आधण उतू जाऊन चूल विझत आली होती आणि धूर तिच्या डोळ्यांत जात होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते धुराचं होतं.

*

जेलमधल्या मुलाखतीला चंदा एकटीच गेली. नंदलालने यावेळी राइस मिलमधून सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं होतं. काचेच्या पलीकडे हेमेंद्र येऊन बसला आणि त्याने फोन कानाला लावला. दाढी नीट केलेली होती. तो वाळलाही होता. टीव्हीवरचं चित्र जुनं होतं.

“माय कशी हाय?”

“बरी हाय. तुले टीव्हीवर पायलं तिनं. खुश झाली.”

“आमच्या बराकीत बी टीव्ही हाय,” तो म्हणाला. “सगळ्याइनं पायलं.”

शेजारच्या काचेशी एक बाई लहान मुलाला बोटाने बाप दाखवत होती.

“आता मायाजवळ कोनी झोपत नाही, बाई. जे खरंच मारून आले ते बी नाही. एक बुडा हाय, दोन खून केले त्यानं, तोच सांगते सगळ्याइले. तो म्हनते, मले राग आला म्हून मी मारलो, या पोट्ट्याले तं राग बी येत नाही.”

“त्याइच्याकडे ध्यान देऊ नोको.”

“तूनं पायलं असन ना? तुले बी दाखवलं.”

“हव.”

हेमेंद्रने फोन दुसऱ्या कानाला घेतला. “मी काऊन हासलो, मले आठवत नाही. लगित आठवून पायलो. गर्दीत कोनी ओळखीचा दिसला असन. तूच दिसली असशीन.”

चंदाला आठवत होतं, त्या दिवशी ती पायऱ्यांच्या खाली कॅमेऱ्यांच्या मागे उभी होती. त्याने आपल्याकडे पाहिल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं. ती हो म्हणणार होती. शब्द तोंडात आलाही. पण तो तिच्याकडे असा पाहत होता की तिला ते खोटं बोलता आलं नाही.

“मी तिथंच होती,” ती म्हणाली. “तू पायलं का नाही, सांगता येत नाही.”

त्याने मान हलवली.

“बाई, एक विचारू? तुले माहीत हाय म्हून विचारतो. मी असा होतो का बारीकपनापासून? बाबा मेले तवा मी रडलो नाही, हे तं खरं हाय. दुसऱ्या दिवशी मोटार बसवाले गेलो, हे बी खरं हाय.”

“धान वाळून राहिलं होतं त्या शेतवाल्याचं. तूनं शब्द देल्ला होता.”

“हव. पर रडलो नाही.” तो काचेजवळ सरकला. “ठाण्यात त्याइनं सात दिवस मारलं मले, कबूल कर म्हून. तवा मले पक्कं माहीत होतं का मी नाही केलं. मारून टाकलं असतं तरी बी मी हो म्हनलो नसतो. पर आता, बाई... आता सारा दिवस ते डोक्यात फिरते. मी त्या दिवशीचं आठवतो, तं मधातले मधातले तुकडे भेटत नाहीत. मले माह्या हाताचा भरोसा नाही वाटत आता.”

“तू केलं नाही.”

“तू तिथं होती का?”

“नाही.”

“मंग?”

बाहेर शिपायाने वेळ संपल्याची हाक दिली. चंदाने काचेवर हात ठेवला नाही, रडलीही नाही. ती फोनमध्ये घाईने म्हणाली, “तू तुडमावर होता. उदारामकाकाजवळ. खुंटी काढली तूनं. आठवते का?”

हेमेंद्रच्या कपाळावर आठ्या पडल्या. अंधारात काही शोधावं तसा तो तिच्या खांद्यापलीकडे पाहत राहिला.

“तुडमाची खुंटी,” तो म्हणाला. “ओली होती. हातातून सुटून राहिली होती...”

फोन बंद झाला. काचेमागे त्याचे ओठ अजून हलत होते.

*

गावी परतल्यावर ती घरी न जाता थेट उदारामकडे गेली. तो बैलाला पाणी पाजत होता. ती बसली नाही.

“काका, थो चांगला होता असं सांगू नोका तुमी. डोरे चांगले होते असं बी सांगू नोका. जे दिसलं ते सारं सांगा. हासला ते बी सांगा. पर खुंटी बी सांगा. दोन्ही सांगा. नाही आठवत ते नाही आठवत म्हनून सांगा.”

“वकील म्हनन, हा बुडा इकडचं बी सांगते अना तिकडचं बी.”

“म्हनू द्या.”

“तुया भावाचं नुसकान झालं तं?”

बैलाने बादलीत तोंड घातलं होतं आणि पाण्याचा घुटघुट आवाज येत होता.

“त्याच्या डोक्यातून तो दिवस जाऊन राहिला, काका,” ती म्हणाली. “तुमच्या बी डोक्यातून जाऊन राहिला. आता राहील तं कागदावरच राहील. माह्याजवळ तं कवा नव्हताच.”

उदारामने बादली सरकवली. बराच वेळ तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“बुधवारी म्हनली होती ना तू?” तो म्हणाला.

बुधवारी दोघं सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. वकिलांनी उदारामचं बोलणं ऐकून घेतलं, टाइप करवलं आणि वाचून दाखवलं. हसण्याच्या ओळीवर ते थांबले.

“हे कशाला हवं? तो तिथे होता, एवढं पुरेसं आहे. हे वाक्य सरकारी वकील आपल्याच विरोधात वापरतील. तो कार्यक्रम कोणी पाहिला नसेल असं समजू नका. काढून टाकू.”

उदारामने चंदाकडे पाहिलं.

“राहू द्या साहेब,” चंदा म्हणाली. “त्याइनं सांगतलं तसंच राहू द्या. कापू नोका.”

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. मग त्यांनी कागद तसाच पुढे सरकवला. उदारामने अंगठा उमटवण्याआधी विचारलं की, तो दिवस तोच होता असं वाटतं पण पक्कं सांगता येत नाही, हे लिहिलं आहे ना. लिहिलं आहे, असं वकील म्हणाले. कोर्ट हे घेईल की नाही सांगता येत नाही, घेतलंच तरी याने काय होईल तेही सांगता येत नाही, हे त्यांनी निघताना पुन्हा एकदा बजावलं. सुनावणीची तारीख अजून लागायची होती.

देवरीला उतरले तेव्हा दुपार कलली होती. गावाकडची बस लागलेली होती. बाजाराचा दिवस असल्याने गाडी भरून गेली होती. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, कोंबड्यांचे पाय बांधून पुरुष दारात बसले होते. उदाराम आधी चढला. पुढे कोणीतरी त्याच्यासाठी जागा केली. चंदा मागच्या दाराने चढली. मागे दोन माणसांच्या बाकावर खिडकीपाशी एक बाई बसली होती, गावचीच, जिचं पोर अंगणवाडीत यायचं. चंदा बसायला लागली तशी ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि काही न बोलता पुढे जाऊन दांडीला धरून उभी राहिली.

चंदा खिडकीपाशी सरकून बसली. शेजारची जागा रिकामी राहिली. गाडी सुरू झाली. वळणावर उभी असलेली माणसं एकमेकांवर कलत होती, टोपल्या घसरत होत्या, एका म्हाताऱ्या बाईने तर खालीच बसकण मारली. पण त्या रिकाम्या जागेकडे कोणी पाहत नव्हतं. चंदाने मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवले. ते कसे ठेवावेत हे तिला कळेना, म्हणून तिने ते पिशवीखाली घेतले.

पुढच्या बाकांत हालचाल झाली. उदाराम आपली जागा सोडून उठला होता. एकेक दांडी धरत, माणसांतून वाट काढत, धक्के खात तो मागे येत होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला ते समजत होतं. तो तिच्या बाकापाशी येऊन थांबला. धोतराचा सोगा सावरला, गुडघ्यावर हात दाबून हळूच बसला.

“सरक थोडी, पोरी,” तो म्हणाला.